खांडेनवमीला धुतलेला फिल्टर

मी माझ्या वडिलांना आवडत नव्हते असं नाही, पण माझे हात त्यांना आवडत नसत. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये मालडबे दुरुस्त करण्यात त्यांची सारी नोकरी गेली, आणि घरात त्यांची अवजारांची एक लोखंडी पेटी होती. त्या पेटीला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. झाडू मारण्यापुरती ती सरकवायची मुभा आईला होती, मला तेवढीही नव्हती. एकदा सायकलची उतरलेली चेन बसवायला मी पक्कड घेतली, तर त्यांनी ती हातातून हिसकून घेतली. "पोट्टीच्या हातात पक्कड शोभते काय?" म्हणाले. चेन मात्र त्यांनीही बसवून दिली नाही. मी शाळेत पायी गेले.

आमचं मूळ गाव वर्ध्याकडचं, पण मी वाढले रायपुरातच. मी अकरावीतून बारावीत जात होते तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं आणि शहराच्या अंगात आलं होतं. शंकर नगरात राहती घरं ऑफिसं होत होती. पंडरीतले कापडवाले जुनी शोकेसं उचकटून नवे काचेचे दरवाजे लावत होते. भोपाळहून साहेब लोक आले, मागोमाग त्यांचे शौक आले, आणि आमच्या शाळेच्या रस्त्यावर रंगीत माशांचं दुकान उघडलं. मासे मला आवडत, पण त्याहून टाकीवरचं यंत्र आवडे. घाण पाणी वर चढतं, गाळून खाली येतं, पुन्हा वर चढतं. मी दुकानदाराला त्याबद्दल विचारलं तेव्हा त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. त्या माणसाचा मला आजही राग येतो.

पण मी तसं यंत्र घरी बनवायला घेतलं त्याचं खरं कारण तो माणूस नव्हता. मला बारावीनंतर पॉलिटेक्निकला जायचं होतं, मेकॅनिकलला. बाबांनी माझं बी. ए. आणि त्यानंतरचं लग्न मनातल्या मनात उरकून टाकलं होतं. विषय काढला की म्हणत, "वर्कशॉपात बाया काय करतीन? चहा देतीन?" वाद घालून उपयोग नव्हता, ओरडण्यात ते माझे बाप होते. मला त्यांच्यासमोर चालतं यंत्र ठेवायचं होतं, ज्याला ते नावं ठेवू शकणार नाहीत असं.

टाकी मिळाली ती फुटकी. एका साहेबाच्या बंगल्यामागे पडली होती, एक बाजू तडकलेली. पंडरीतल्या एका दुकानाच्या उचकटलेल्या शोकेसची काच मागून आणली, कापून घेतली आणि तडकलेल्या बाजूला चिकटवली. पंप घरातलाच. रायपुरात उन्हाळा कूलरवर निघतो आणि कूलरचा पंप हमखास दगा देतो. आमचा बंद पडला तेव्हा बाबांनी तो कानाशी धरून हलवला, "जळला" असं जाहीर केलं आणि भंगारात टाकला. मी उचलला. पेटी बंद, म्हणून स्वयंपाकघरातल्या सुरीनं उघडला. जळलाबिळला काही नव्हता, पाण्याच्या क्षारानं आतली चकती आवळली होती. चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवला, घासला, लावला, तर पठ्ठ्या गुरगुरत सुरू झाला. बाबा तिथंच पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं.

वाण्याकडून गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची बरणी आणली, तापलेल्या खिळ्यानं तिच्या बुडाला भोकं पाडली आणि ती टाकीच्या वर टांगली. आत वरती जुन्या गादीतला स्पंज, खाली धुतलेले खडे, त्याखाली छपराच्या फुटक्या कवेलूंचे तुकडे. पंप पाणी बरणीत चढवी, ते झिरपत खाली टाकीत पडे. पहिल्यांदा सगळं पाणी बैठकीत आलं. दुसऱ्यांदाही आलं. बाबा पाय वर घेऊन बसत आणि आईला सांगत, "नाव मागव एक." मी फरशी पुसत असे आणि मनात त्यांना काय काय म्हणत असे ते इथं लिहिण्यासारखं नाही.

शेवटी जमलं. टाकीत सोनेरी मासे सोडले, ते जगले, वाढले. काही आठवड्यांत कवेलूंच्या तुकड्यांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरला. शाळेतल्या जीवशास्त्राच्या मॅडमनी मला सांगितलं होतं की तो थर म्हणजेच खरा फिल्टर. त्यात राहणारे सूक्ष्म जीव माशांची घाण खातात, तो घासून काढला तर पाणी विषारी होतं. मी हे बाबांना सांगितलं, अगदी समोर उभं राहून. ते म्हणाले, "घाणीवर चालणारं मशीन म्या सारी नोकरी पाह्यलं नाही."

त्या वर्षी खांडेनवमीला मी भिलाईला मावशीकडे गेले होते. खांडेनवमी हा आमच्या घरातला खरा सण. दिवाळीला बाबा सुट्टी मागत नसत, पण या दिवशी त्यांची पेटी उघडे. एकेक पाना, कानस, हातोडी रॉकेलमध्ये धुवायची, सोड्यानं घासायची, कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात फिरवायचा, मग लाल कापडावर मांडून हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. या कामात आईलाही जवळ येऊ देत नसत.

संध्याकाळी मी परतले आणि दारातच थांबले. लाल कापडावर सगळी अवजारं मांडलेली होती आणि त्यांच्या मधोमध माझी बरणी होती. शेजारी माझा पंप. दोन्हींना कुंकू, दोन्हींवर फूल. बाबा म्हणाले, "अवजार आहे, पूजेत पाहिजे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "जाय पुढच्या वर्षी पॉलिटेक्निकले. पाहू काय करते तं."

मला रडू आलं, आणि मी रडले. इतका आनंद मला त्यानंतर फार वेळा झाला नाही. बरणी लखलखत होती. कवेलूंचे तुकडे भट्टीतून आत्ताच काढल्यासारखे लालभडक दिसत होते. त्या लालभडक रंगाचा अर्थ मला कळायला हवा होता, पण मी फक्त फूल पाहत होते.

पुजलेली अवजारं त्या दिवशी वापरायची नसतात. म्हणून दसऱ्याच्या सकाळी बाबांनी स्वतःच्या हातानं बरणी टांगली, पंप सोडला, बटण दाबलं आणि नमस्कार केला. दुपारी मासे वर येऊन तोंड उघडबंद करू लागले. पाण्याला रॉकेलचा वास येत होता. स्पंजात मुरलेलं रॉकेल आणि पंपाला लावलेलं तेल पाण्यात उतरलं होतं. मी धावत बादली भरली, मासे त्यात टाकले, पण चार वाजेपर्यंत सगळे उलटे झाले होते.

आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "ऐक, त्याहिले म्हण का मासे बिमार होते. रोग पडला म्हण. तुले पुढच्या वर्षी जायचं आहे ना?" मी मान हलवली. खरंच, मी तेच म्हणणार होते.

संध्याकाळी बाबांचे वर्कशॉपमधले मित्र सोनं द्यायला आले. बैठक भरली. एकानं रिकाम्या टाकीकडे पाहून विचारलं, "भैया, मछली कहाँ गई?" बाबांनी खुर्चीवर मागं रेलून, हसत सांगितलं, "मर गई. बेटी की मशीन थी. कुछ तो कच्चा रह गया होगा." सगळे हसले. मी चहाचा ट्रे धरून उभी होते. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कच्चं काही नव्हतं," मी म्हणाले. "तुम्ही ते रॉकेलनं धुतलं. मासे तुम्ही मारले."

हिंदीवाल्यांनाही एवढं मराठी कळलं. बाबांनी सगळ्यांना चहा घ्यायला सांगितलं. मित्र गेल्यावर बाबांनी अवजारं पेटीत भरली, कुलूप लावलं आणि आईला म्हणाले, "पोट्टी बी. ए. करीन. आता या घरात मेकॅनिकलचं नाव नाही पाह्यजे." तो शब्द त्यांनी कधी फिरवला नाही. मी बी. ए. केलं. आता नव्या रायपुरात एका ऑफिसात फायली हलवते.

मीही माझा शब्द फिरवला नाही. घरी पाहुणा आला, टाकीचा विषय निघाला, की बाबा म्हणत, हिच्या मशीननं मासे मारले. मी म्हणे, तुम्ही रॉकेलनं धुतलं होतं. हे माझ्या नवऱ्यासमोर झालं, सासरच्या माणसांसमोर झालं. आई म्हणायची, "एक खोटं बोलली असती तं काय बिघडलं असतं तुयं?" काहीच बिघडलं नसतं, हे मला माहीत आहे. म्हणूनच तिच्यावरही चिडत असे.

मागच्या पावसाळ्यात माझी मुलगी माझ्याबरोबर आजोबांना भेटायला आली. त्यांना आता खुर्चीतून उठवावं लागतं. चहा पिता पिता त्यांनी तिला तेच सांगितलं. तिनं हिंदीत विचारलं, "सच में, नानाजी?" मी सवयीनं म्हणाले, "तुम्ही रॉकेलनं धुतलं होतं."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "दुपारीच समजलं होतं. पाण्यावर तेल दिसत होतं."

म्हणजे मित्रांसमोर हसत होते तेव्हा त्यांना माहीत होतं.

"मग मले पॉलिटेक्निकले काहून नाही जाऊ दिलं?"

"तू चार लोकाईसमोर बोलली," ते म्हणाले, आणि कप पुन्हा तोंडाला लावला.

मी तो कप त्यांच्या हातातून काढून घेतला. अर्धा भरलेला होता. आत जाऊन बेसिनमध्ये ओतला.