दीडशे ग्रॅमची तक्रार

सत्तेचाळीस साली इंग्रज जाणार होता म्हणे, पण चहाला म्हणून थांबला तो आजतागायत उठलेला नाही. आता स्वतंत्र सेना वाघोलीपर्यंत आली, तेव्हा कुठे साहेबाला घाम फुटला. स्वारगेटच्या चौकात दिव्याच्या खांबांना रोज कुणी ना कुणी लटकलेलं असे, आणि पेठांतली मंडळी खालून जाताना मान वर न करता भाजीवाल्याशी हुज्जत घालीत.

अशा दिवसांत नारायण पेठेतल्या मंदाकिनीबाई पिठाची गिरणी चालवायच्या आणि शिव्या खायच्या. दळण कमी भरतं, बाई पीठ मारतात, असं सगळे म्हणायचे. मारतच होत्या. शेजारच्या श्रीधरपंतांच्या माळ्यावर स्वतंत्र सेनेचे चार हेर दडले होते. साहेबाच्या तोफा कुठे हलतात ते बिनतारी यंत्रावरून कळवायचे. एकट्या विधुराचं दळण एकाएकी पाचपट झालं असतं, तर दुपारच्या चहाआधी पेठभर बोभाटा झाला असता. म्हणून बाई प्रत्येकाच्या डब्यातून थोडं थोडं काढत आणि चौघांना जगवत.

बाकीचे कुरकुरले आणि गप्प बसले. तात्याराव गप्प बसणाऱ्यांतले नव्हेत. वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला माणूस. घरात तराजू, तराजूला कुलूप. आठ आठवडे त्यांनी स्वतःचं आणि शेजाऱ्यांचंही पीठ तोललं आणि चौकीवर तीन प्रतींत तक्रार दिली: दर डब्यामागे दीडशे ग्रॅम कमी. पोच घ्यायला विसरले नाहीत.

फौजदार बद्रीनाथने गुणाकार केला. आठवड्याला आठ किलो. म्हणजे चार तोंडं.

भर दुपारी तो शिपाई घेऊन गिरणीत शिरला. तात्यारावांनाही फिर्यादी म्हणून ओढून आणलं. पीठ काळ्या बाजारात विकते, असं बाईंनी सांगितलं. कुणाला, ते सांगेनात. बद्रीनाथने त्यांचा उजवा हात जात्याच्या लोखंडी कठड्यावर दाबला आणि हातोडीने करंगळी ठेचली. मग शेजारचं बोट. सांडलेल्या पिठात रक्ताच्या गोळ्या झाल्या. कोपऱ्यात तात्याराव घामाने भिजले होते. आपल्या अर्जाचा अर्थ त्यांना आता कळत होता. तिसऱ्या बोटाला श्रीधरपंतांचं नाव बाईंच्या जिभेवर आलं.

"पुरे," तात्याराव म्हणाले. "गिऱ्हाईक मी."

बद्रीनाथ वळला. "मग तक्रार कशाला केलीत?"

"चोरीच्या पिठातही मारत होत्या. वजन म्हणजे वजन."

शिपाई खिंकाळले. बद्रीनाथची सासुरवाडी शनिवार पेठेतली, त्यामुळे त्याला हे तत्काळ पटलं. तोही हसला, आणि हसता हसताच काळाबाजारवाला म्हणून तात्यारावांना भिंतीशी उभं करून कपाळात गोळी घातली. शिंतोडे बाईंच्या तोंडावर उडाले. त्यांची शिक्षा बोटांवर भागली.

संचारबंदीत फक्त अंत्ययात्रेला मुभा होती. हाताला फडकं गुंडाळून बाई संध्याकाळी माळ्याचा जिना चढल्या. "चार खांदेकरी हवेत," एवढंच म्हणाल्या.

यंत्र तिरडीच्या गवतात गेलं. नाक्यावरच्या गोऱ्या सोजिराने प्रेताला टोपी काढून वाट दिली. वैकुंठ स्मशानाच्या मागून चौघं नदीकाठाने निसटले.

चोरीचा माल घेणाऱ्याला पोचवायला पेठेतलं कुणीच आलं नाही, आणि तात्यारावांना मूलबाळ नव्हतं. मंदाकिनीबाईंनी पाण्याचं मडकं डाव्या खांद्यावर घेतलं आणि चितेभोवती पहिली फेरी सुरू केली.