गाडीत झोप आली पाहिजे

जुनी गाडी पारखावी तर आमच्या साडूंनीच, आणि साडूंना गाडी चालवता येत नाही, ही दोन्ही वाक्यं माझ्या सासुरवाडीत एका दमात बोलली जातात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. शहराच्या एका टोकाला हर्सूलच्या तुरुंगापासून दुसऱ्या टोकाला चितेगावच्या कंपन्यांपर्यंत अशी एकही जुनी, छोटी, स्वस्तातली गाडी धावत नसेल, जिच्या पुठ्ठ्यावर या माणसानं कधी ना कधी थाप मारलेली नाही. डिकीला ते, जनावराच्या मागल्या अंगाला म्हणावं तसं, पुठ्ठाच म्हणतात. पुढच्या दिव्यांना डोळे म्हणतात, आणि गाडी किती जुनी हे सांगताना 'चार दाती हाय', 'सहा दाती हाय' असं जनावराच्या बाजारातलं गणित सांगतात. फारच जुनी असली तर 'जुळली', म्हणजे तोंडातले सगळे दात आले, आता वय विचारू नका. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. हर्सूलला त्यांचं पशुखाद्याचं दुकान होतं. दहावीला बसले आणि बसूनच राहिले. मी बी.कॉम. आमच्या वस्तीवरचा पहिला पदवीधर. वडील मेंढरांमागं रानोमाळ हिंडत होते तेव्हा मी शहरात भाड्याच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवून पदवी घेतली, आणि हे मी सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. पण सासुरवाडीत ते ऐकायला कुणाला सवड नसे. तिथं साडूंनी काल कुठली गाडी नापास केली, हा विषय चाललेला असे.

दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. गावाकडच्या विहिरींचे तळ दिसत होते आणि इकडं शहर हर्सूलच्या तळ्याला वळसा घालून पसरत चाललं होतं. ज्या रानात साडूंच्या वडिलांनी मेंढरं बसवली, तिथं प्लॉटचे दगड रोवले जात होते. नळाला आठवड्यानं पाणी येई, आणि तरी ज्याला त्याला गाडी हवी होती. नवी परवडत नव्हती, मग जुनी. आणि जुनी म्हटली की माणसं साडूंच्या दुकानात येऊन सरकीच्या पोत्यावर बसत, चहा मागवत आणि विषय काढत. साडू आधी नाही म्हणत. मग दुकानाचं शटर अर्धं ओढून, खांद्यावर टॉवेल टाकून, आपल्या जुन्या फटफटीवर निघत. या कामाचा त्यांनी कधी कुणाकडून पैसा घेतला नाही. घेतला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांना दलाल म्हणून मोकळा झालो असतो.

बॉनेट उघडू द्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. एकदा गिऱ्हाइकानं हौसेनं मेकॅनिक बरोबर आणला होता. तो पाना काढून पुढं सरसावला तेव्हा साडूंनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "मेंढरू घेताना पोट फाडून बघत्यात व्हय?" मेकॅनिक बिचारा शेवटपर्यंत पाना हातात धरून उभा. मग साडू मालकाला गाडी हळू पुढं न्यायला सांगत आणि स्वतः मागून चालत, जरा वाकून, मान तिरकी करून. गाडी कुठल्या पायानं लंगडते ते म्हणे मागूनच दिसतं. कॉलनीतली पोरं त्यांच्यामागं तशीच वाकून चालू लागत. साडूंना त्याचं काही नसे.

खरी परीक्षा त्यानंतर. साडू मागच्या सीटवर बसत, डोळे मिटत आणि मालकाला म्हणत, "चला, कुठंबी न्या." गाडीत झोप आली तर गाडी चांगली, नाही आली तर वाईट, इतकं ते सोपं होतं. "इंजिन खोटं बोलंल, मालक खोटं बोलंल. झोप खोटं बोलत नाय." शहागंजात एका अत्तरवाल्याची गाडी पाहताना ते असे गाढ झोपले की परत अत्तराच्या दुकानापाशी येऊन गाडी थांबली तरी घोरतच राहिले. मी तिथंच होतो. साडूंना ओळखणाऱ्यांपैकी एक म्हणून मलाही ओढून नेलं होतं. त्या भर बाजारात, हातगाड्यांच्या आणि हॉर्नच्या गदारोळात, अत्तरवाला आणि गिऱ्हाईक गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून कुजबुजत सौदा करत होते. गिऱ्हाइकाचा आवाज जरा चढला तेव्हा अत्तरवाल्यानं ओठावर बोट ठेवलं. "हल्लू बोलो जरा, मामू सो रै." सौदा झाला. मी कंपनीत इतकी वर्षं स्टोअर सांभाळतो, शेकडो माणसांसमोर बोलतो, पण माझ्यासाठी भर बाजारात कुणी आवाज खाली केलेला नाही.

पण ज्या नियमामुळं त्यांचं नाव झालं, तो पाण्याचा. विकणाऱ्याच्या दारात गेलं की साडू आधी प्यायला पाणी मागत. पाणी पिता पिता अंगणावर नजर फिरवत. अंगणात रिकामे हंडे, बादल्या, ड्रम ओळीनं मांडलेले आणि गाडी मात्र धुऊन लखलखीत, असं दिसलं की तांब्या खाली ठेवून उठत. "लोकाला प्यायला नाय अन् हा गाडीला आंघोळ घालतो. ज्याला पाण्याची कदर नाय तो ऑइलची काय करणार." धूळ बसलेली गाडी दिसली की मात्र त्यांचा चेहरा खुले. त्या वर्षांत शहरातल्या गाड्या विकणाऱ्यांनी गाड्या पुसणं सोडून दिलं, ते पाणी नव्हतं म्हणून की साडूंच्या धाकानं, हे मला आजही सांगता येणार नाही.

धोंड्याच्या महिन्यात मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, आम्हा दोन्ही जावयांना जेवायला बोलावलं होतं. त्याच आठवड्यात मला स्टोअरचा मुख्य केलं होतं. ही बातमी मी पुरणाच्या धोंड्यांवर तूप पडेपर्यंत राखून ठेवली. तूप पडलं, मी घसा साफ केला, आणि मामा साडूंकडं वळून म्हणाले, "मग त्या डॉक्टरच्या गाडीचं काय झालं?" डॉक्टरच्या गाडीची हकिकत पानावरून उठेपर्यंत पुरली. शेवटी साडूच म्हणाले, "मामा, आमच्या ग्रॅज्युएटला बढती मिळालीय, ते इचारा की." ते मला नेहमी ग्रॅज्युएटच म्हणत. चारचौघांत तर मुद्दाम म्हणत. मला तो टोमणा वाटे. त्या दिवशी तर माझी बढतीसुद्धा त्यांच्या तोंडून जाहीर झाली, आणि मामांनी कौतुकानं पाहिलं ते साडूंकडं, की बघा, याला किती ध्यान आहे.

तेव्हाच मी ठरवलं, की गाडी घ्यायची आणि या माणसाला न दाखवता घ्यायची. सासुरवाडीच्या दारात ती उभी करायची आणि मामांनी विचारलं, कुणी पाहिली, की म्हणायचं, मी पाहिली. मला गाडीपेक्षा ते वाक्य जास्त हवं होतं.

गाडी मिळाली ती एका सेवानिवृत्त अधिकाऱ्याची. पांढरी, छोटी, एकहाती वापरलेली. मी ती रीतसर पाहिली. कंपनीतल्या ओळखीच्या मेकॅनिककडून इंजिन तपासून घेतलं, सर्व्हिसची बिलं वाचली, टायर पाहिले, कागद पाहिले. मालकांनी माझं शिक्षण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. व्यवहार ठरला. विसार द्यायला गेलो आणि त्यांच्या दारात पाऊल ठेवतो तोच बायकोचा फोन आला. "मला राहवलं नाही, मी दाजींना पत्ता दिलाय, ते निघालेत," एवढं बोलून तिनं ठेवून दिला.

मी गाडीकडं पाहिलं. गाडी आरशासारखी चमकत होती. मालकांच्या बोअरला पाणी होतं आणि त्यांनी सकाळीच ती प्रेमानं धुतली होती. कुंपणापलीकडं शेजाऱ्यांचे हंडे टँकरची वाट बघत ओळीनं बसलेले. साडू येणार, पाणी मागणार, हंडे बघणार आणि तांब्या खाली ठेवून उठणार, मग मामा, मामी, बायको सगळ्यांच्या लेखी ही गाडी कायमची बाद. मालक कागद आणायला आत गेले होते. पायरीजवळ वाळून गेलेल्या जास्वंदीची कुंडी होती. मी त्यातली माती ओंजळीनं उचलली आणि बॉनेटवर, टपावर, काचेवर सारखी पसरली. यात लाजण्यासारखं काही होतं असं मला आजही वाटत नाही. गाडी चांगली होती. नियम खुळा होता.

मालक बाहेर आले आणि चक्रावले. "अहो, सकाळीच तर धुतली होती." मी म्हणालो, वारा फार सुटलाय. झाडाचं पान हलत नव्हतं.

तेवढ्यात साडूंची फटफटी आली. टॉवेलनं तोंड पुसत ते गाडीपाशी आले. धूळ बघून चेहरा खुलला, मी श्वास सोडला. त्यांनी बॉनेटवरून बोट फिरवलं. मग थांबले. धुळीतून चिमटीनं काहीतरी उचललं, तळहातावर घेतलं, बोटानं फोडलं. कुंडीत लेंडीखत होतं. वाळलेली, काळी, वाटाण्याएवढी मेंढीची लेंडी. आमच्या दोघांच्याही घराण्यात ती ओळखायला शिकावं लागत नाही. साडूंनी एकदा कुंडीकडं पाहिलं, एकदा माझ्या हातांकडं. मग माझ्या कानाशी येऊन, मालकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

"ग्रॅज्युएट, बॉनिटवर मेंढरू कवा चढलं?"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या हातात दिला. मी हात पुसले. मालकांनी पाण्याचं विचारलं तर साडू म्हणाले, तहान नाय. मालकांनी गाडीचं दार उघडून धरलं, बसून बघा म्हणाले. साडूंनी हात जोडले. "मला काय बघायचं नाय. आमच्या साडूनं बघितली." आणि फटफटीला किक मारून निघून गेले.

गाडी घेतली. सासुरवाडीच्या दारात उभी केली. मामा बाहेर आले, भोवती फिरले, आणि मी ज्याची वाट पाहत होतो तो प्रश्न विचारलाच नाही. म्हणाले, "थोरल्या जावयांनी पाहिली म्हंजे प्रश्नच नाही." मी म्हणालो, मामा, मी पाहिली. मामा हसले. गाडी चांगलीच निघाली. वर्षानुवर्षं कुठं अडून बसली नाही, आणि ती जितकी चांगली चाले तितकं साडूंचं नाव वाढे. शेवटी एकदा मी मामींपाशी चिडून बोललो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आवो, ते तर पहिल्या दिवसापासून हेच सांगत्यात. ग्रॅज्युएटनं पारखली, मी हातबी लावला नाय म्हणत्यात. किती मोठं मन बघा." यावर माणसानं काय करावं? त्यांनी खरं सांगितलं, आणि त्या खऱ्याचंही श्रेय त्यांनाच मिळालं.

आणि मला खरं खुपत राहिलं ते वेगळंच. माझ्या गाडीत ते कधी झोपले नाहीत. लग्नकार्याला, दवाखान्याला, कितीदा आले. पण नेहमी पुढं माझ्या शेजारी बसत, डोळे टक्क उघडे, आणि रस्ताभर बोलत. हे बघा तुमच्या डाव्या हाताला पूर्वी गायरान होतं, इथं आमचा मेंढरांचा वाडगा बसायचा, आता कसली सोसायटी झाली. मागं बसा म्हटलं तर, नको, ग्रॅज्युएटशेजारी बरं, म्हणत. चांगली म्हणाले नाहीत, वाईट म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्या दुकानातल्या पोत्यावर बसणाऱ्यांत आणि माझ्यात फरक काय राहिला असता?

पुढं रस्ता रुंद झाला, त्यात दुकान गेलं, आणि साडू हर्सूलच्या पुढं आपल्या गावी राहायला गेले. लोक आता जुन्या गाड्या फोनवर फोटो बघून घेतात. फोटोत सगळ्याच धुतलेल्या असतात.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातून गावी सोडायला मीच गेलो. माझी गाडी आता पुरती जुळलेली. पाय दुमडत नव्हता म्हणून नाइलाजानं त्यांना मागच्या सीटवर आडवं बसवावं लागलं. बायको पुढं बसली. दुपारची वेळ होती. तुरुंगाची भिंत मागं पडली, तळं मागं पडलं, आणि माझ्या ध्यानात आलं की बराच वेळ गायरान कुठं होतं ते कुणी सांगितलेलं नाही. आरशात पाहिलं. टॉवेल छातीवर, तोंड थोडं उघडं. साडू घोरत होते.

ही झोप औषधाची होती, वयाची होती, की गाडीची, कोण सांगणार? गावाचा फाटा आला. मी वळलो नाही. सरळ पुढं गेलो, खड्डे चुकवत, गिअरसुद्धा जपून टाकत. बायकोला वाटलं मी चुकलो. ती म्हणाली, अहो, फाटा तर मागं राहिला.

"हळू बोल," मी म्हणालो. "साडूभाऊ झोपलेत."