शब्द तोंडून निघाला पाहिजे

बाबांना लकवा मारला तेव्हा मी पुण्यात नोकरीला होते. घरी पोचले तोवर धोक्याची वेळ टळली होती, पण उजवा हात लुळा पडला होता आणि बोलणं गेलं होतं. पाय मात्र वाचला. घरून काम करायची सोय झाली आणि मी लॅपटॉप घेऊन दिग्रसला आले, ती आलेच.

बाबांनी सगळी नोकरी लाल गाडीवर कंडक्टर म्हणून केली. गाडी भरलेली असली तरी मागच्या सीटवरच्या म्हातारीला तिचा थांबा आल्याचं ऐकू जाई, असा त्यांचा आवाज. आता तो आवाज होता, पण शब्द सापडत नव्हते. कुणी भेटायला येऊन "जय भीम" म्हटलं की बाबा लगेच, अगदी स्वच्छ "जय भीम" म्हणत. पाहुण्याला वाटे, बरे झाले. पण तेच बाबा पाच मिनिटांनी पाणी हवं असलं तर "ते... ते... अं..." करत हात हलवत राहत आणि शेवटी डोळे मिटून घेत. विहारात त्रिशरण, पंचशील सगळ्यांबरोबर न अडखळता म्हणत. घरी येऊन आईला "चप्पल कुठंय" एवढं विचारता येत नसे.

यवतमाळला वाचा शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं, पाठ असलेलं डोक्याच्या वेगळ्या वाटेनं येतं, नवं बोलायची वाट बंद पडली आहे. ती रोज वापरून मोकळी करावी लागेल. "आणि शब्द त्यांच्या ओठाशी आला तरी तुम्ही पुरा करू नका. थांबा." चित्रांची कार्डं दिली. छत्री, सफरचंद, मांजर. बाबांनी ती दोन दिवस पाहिली आणि तिसऱ्या दिवशी डाव्या हातानं पलंगाखाली सारून दिली. आयुष्यभर माणसांना गावोगाव उतरवलेल्या माणसाला मांजर ओळखायला सांगितलं, याचा त्यांना राग आला असावा.

रोज दुपारी ड्रायव्हर काका येत. बाबांच्या गाडीवर कितीतरी वर्षं तेच ड्रायव्हर होते. जवळच्याच तांड्यावर घर, रिटायर झाल्यावर गुडघे धरलेले, तरी सायकल हाणत येत. बाबांसमोर बसून एकटेच बोलत. एका रविवारी त्यांनी माझ्या टेबलावरचा वीस बाजूंचा फासा उचलला.

"हे काय हाय बापा? इतके आकडे कायले?"

पुण्यात आम्ही मैत्रिणी शनिवारी एक खेळ खेळायचो. त्याला पट नसतो, सोंगट्या नसतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. काही अवघड करायचं असलं की फासा टाकायचा. कुणी लढवय्या, कुणी चोर, कुणी जादूगार. मी हे काकांना सांगत होते आणि बाबा उशीला टेकून ऐकत होते. त्यांनी हात पुढे केला आणि फासा मागून घेतला.

"खेळू मंग," काका म्हणाले. "नाईतरी मी एकटाच बोलून राह्यलो इथं."

पुढच्या रविवारसाठी मी एका वहीत मराठीतून नियम उतरवले. गोष्ट मी सांगणार होते. काकांनी लढवय्या घेतला. आईला मी औषधं जाणणारी बाई केलं. बाबांनीही तलवारवाला घ्यावा असं मला वाटत होतं, कारण तलवारीला बोलावं लागत नाही. फासा टाकला की झालं. पण बाबांनी यादीवरून बोट फिरवलं आणि जादूगारावर ठेवलं. मी सावकाश विचारलं, "बाबा, हाच?" त्यांनी बोट हलवलं नाही.

आई स्वैपाकघरातून आली. "आपल्या घरात मंत्र-बिंत्र नाई चालणार. सासऱ्यानं दीक्षा घेतली तेव्हाच सारं सोडलं. तू आता खेळात घेऊन येतं का?"

"मंत्र नको म्हणू आपण," मी म्हटलं. "नुसता शब्द म्हणू."

"शब्द चालते," आई म्हणाली आणि बसली.

तर आमच्या खेळात जादूला तीन गोष्टी लागत. हाताची खूण, जवळची एखादी वस्तू आणि शब्द. खूण डाव्या हातानं चालेल असं मी लिहिलं. वस्तू म्हणून बाबांनी जुनी शिट्टी काढली. शब्द मात्र तोंडून निघाला पाहिजे. तो मनात असून उपयोग नाही, आणि जो निघेल तोच लागू. मी सोपे शब्द दिले होते. आग, वीज, ढाल.

पहिले तीन रविवार वाईट गेले. गोष्टीत लांडगे अंगावर येत, काका तलवार चालवत, आई जखमा बांधत आणि बाबांची पाळी आली की खोलीतलं घड्याळ ऐकू येई. बाबांचे ओठ हलत. "व... व..." कपाळाला घाम. पाळी रिकामी जाई. तिसऱ्या रविवारी काकांना राहवलं नाही.

"अवं पोरी, त्याले वीजच म्हणाची हाय. दिसून राह्यलं ना! धरून घे."

बाबांनी डावा तळहात टेबलावर आपटला. फासा खाली गेला.

"नाही!"

तो शब्द इतका स्पष्ट होता की काका फासा उचलायचंही विसरले. मला लाज वाटली, कारण मीही मनातून तेच ठरवत होते. धरून घेतलेलं त्यांना नको होतं. तिकीट नसलेल्याला त्यांनी कधी गाडीत धरून घेतलं नव्हतं, सख्ख्या मेव्हण्यालासुद्धा.

चौथ्या रविवारी नियम आपोआप सापडला. गोष्टीतली मंडळी एका गुहेतून निघत होती. काका हसत म्हणाले, "चला कंडक्टर, डबल बेल मारा." आणि बाबा एका दमात म्हणाले, "दिग्रस, दारव्हा, लाडखेड, यवतमाळ!"

शेंगा सोलत बसलेल्या आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. बाबा स्वतःच चकित झाले होते.

मी वही उघडली. मला कळत होतं की हे पाठ असलेलं आहे, त्रिशरणासारखंच. पण जादूगाराचे शब्द तरी दुसरं काय असतात? मी बाबांना विचारलं, "नियम सैल करत नाही, बदलते. तुमचे शब्द म्हणजे थांबे. दारव्ह्याला उजेड पडेल, लाडखेडला ढाल उभी राहील, यवतमाळला वीज. पण सुरुवात दिग्रसपासूनच करायची, आणि एका पाळीला एकच थांबा. तिथंच थांबायचं, पुढचं बोलायचं नाही. मधे मार बसला तर परत दिग्रस. चालेल?"

बाबांनी बराच वेळ विचार केला. मग बोट उलटं फिरवलं. "प... परत."

"परत काय?"

आई काहीतरी सांगू पाहत होती, मी तिला डोळ्यांनी थांबवलं. बाबांनी टेबलावर एक रेघ ओढली, मग त्याच रेघेवरून बोट मागे आणलं. "यवतमाळ... लाडखेड..."

काकांना समजलं. "गेलेली गाडी वापस आली पायजे म्हणते थो. जे केलं थे उलटं बोलून मिटवाचं."

बाबांनी मान हलवली. तो नियम त्यांचा. वीज पाडली तर नंतर उलट्या वाटेनं येऊन ती मिटवायची, नाही तर ती आपल्यावरच येते. वहीत मी तो जसाच्या तसा लिहिला. अवघड होता, कारण एकेका थांब्यावर थांबणं हेच त्यांना कठीण जाई. दिग्रस म्हटलं की यवतमाळपर्यंत सगळं घरंगळत येई. दारव्ह्याला तोंड बंद ठेवायला त्यांना दोन महिने लागले. कधी कधी हातानं ओठ दाबून धरत. मग हळूहळू एकेक नाव माळेतून सुटं निघू लागलं. एकदा दुपारी, खेळ नसताना, आईनं विचारलं, दिवा लावू का, तर ते म्हणाले, "दारव्हा." आई हसली आणि बटण दाबलं.

ज्या रविवारबद्दल मला सांगायचंय तो थंडीतला. गोष्टीत आमच्यासमोर एक पूल होता आणि पलीकडे पहारेकरी, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त. काकांचा लढवय्या जखमी. सगळं बाबांच्या विजेवर. दिग्रस झालं, दारव्हा झालं, लाडखेड झालं. चौथी पाळी आली. बाबांनी शिट्टी धरली, तोंड उघडलं आणि म्हणाले, "पुसद."

काका ओरडले, "अरे, गाडी भलत्याच रस्त्यानं गेली ना बापा!"

बाबांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, आता हे उठून जातील, पुन्हा खेळणार नाहीत. पण ते हसू लागले. लकव्यानंतर पहिल्यांदा. तोंड एका बाजूला जात होतं, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते हसतच होते.

नियमाप्रमाणे निघालेला शब्द लागू होता. पण पुसद वहीत नव्हतं. मी कुठलाही अर्थ लावू शकले असते. त्याऐवजी विचारलं, "बाबा, पुसदला काय होतं?"

ते हसायचे थांबले. खिडकीबाहेर पाहिलं. मी वाट पाहत राहिले. आईनं शेंगांचं ताट खाली ठेवलं. बाबांनी डावा हात तोंडासमोर धरून हळूहळू पसरला, जणू काही बाजूला सारत होते.

"धु..." ते म्हणाले. पुन्हा, "धु..."

मला धूर वाटला, धूळ वाटली. दोन्ही जिभेवर आलं आणि मी दोन्ही गिळलं.

"धुई," बाबा म्हणाले. "पुसद. धुई."

काका खुर्चीतून अर्धे उठले. "घाटातली धुई! पोरी, तुले काय सांगू. पहाटची गाडी होती. समोरचा बोनट दिसून नव्हता राह्यला. मी म्हटलं, मी काई गाडी काढत नाई. तर हा खाली उतरला, बॅटरी घेऊन गाडीच्या पुढं पायी चालला. पूर्ण घाट. मी याच्या बॅटरीमागं गाडी आणली. घरी सांगतलं नाई का यानं कधी?"

"नाई," आई म्हणाली. ती बाबांकडे बघत होती. "मले तर म्हणत होते, गाडी पंक्चर झाल्ती."

बाबांनी खांदे उडवले.

आमच्याकडे धुक्याला धुई म्हणतात. हा शब्द पाठ केलेला नव्हता. थांब्यांच्या माळेत नव्हता, कार्डांवर नव्हता, वंदनेत नव्हता. तो त्यांनी स्वतः शोधून आणला होता. मी फासा टाकायला सांगितलं, कारण नियम होता. सतरा पडले. पुलावर धुई उतरली, पहारेकऱ्यांना स्वतःचे हात दिसेनात, आणि आमचे तिघं एकही वार न करता त्यांच्यामधून पलीकडे गेले. पलीकडे पोचल्यावर बाबांनी उलट्या वाटेनं धुई मिटवली. चारदा चुकले, पाचव्यांदा जमलं. तोवर चहा निवला होता.

त्या दिवसापासून झरझर सुधारणा झाली, असं काही नाही. अजून कित्येक शब्द येत नाहीत. चिडले की आलेलेही जातात. माझं नाव त्यांना अजून सापडलेलं नाही. मला ते "माय" म्हणतात, आणि ते चांगलं वाटतं. पण वहीत आता अशी बरीच पानं आहेत जी मी लिहिलेली नाहीत. बाबा सांगतात, मी उतरवते. प्रत्येक शब्दापुढे तो काय करतो, कसा मिटवायचा. कुठल्याशा गावाला पाऊस थांबतो, कुठल्या गावाला झोपलेली माणसं उठतात.

गेल्या रविवारी काही लढायचं नव्हतं. मंडळी नदीकाठच्या एका परक्या गावात येऊन पोचली होती आणि मी नावाडी झाले होते. काकांना नाव हवी होती, आईला कुठल्या तरी पाल्याची चौकशी करायची होती. बाबांची पाळी आली. त्यांनी शिट्टीला हात लावला नाही. माझ्याकडे, म्हणजे नावाड्याकडे पाहून, मधे दोनदा थांबून विचारलं, "भाऊ, इथं... च्या... मिळते का?"

"मिळते ना," नावाडी म्हणाला. "बसा."