चिमणवाटा कुणाकडून ऐकला?

किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. मेहकरच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल. पीएच.डी. करणारी मंडळी पुस्तकं घरी नेतात आणि किस्से माझ्या टेबलावर ठेवून जातात!

यांचे गाईड, म्हणजे आमचे सर, अतिशय शांत माणूस. आवाज कधी चढवत नाहीत, नुसता लाल पेन काढतात. "हे कुठून घेतलं?" पुस्तक, लेखक, साल, पान सांगता आलं नाही की त्या वाक्यावर काट!

*

गजानन जानेफळचा. आठवडी बाजारांवर काम करतो. टिपणवहीत त्यानं पान नंबराच्या जागी लिहिलं होतं, 'चहाचा डाग आहे ते पान'.

"गजानन, ते पुस्तक फाटलं होतं. आम्ही नवी प्रत आणली," मी म्हटलं.

त्यानं नव्या पुस्तकाची पानं उलटून पाहिली. "मॅडम, याच्यावर अजून कोनी चहा नाही सांडला काय?"

*

मग मात्र तो भलताच सावध झाला. संदर्भसूचीत एक नोंद सापडली : 'सरांशी चर्चा, कॅन्टीन. सर घाईत होते.'

सरांनी लाल पेनानं दुरुस्ती केली : 'नव्हतो.'

*

धाडची सबिहा हुशार. तिच्या मोबाईलमध्ये पुस्तकांच्या पानांचे ढीगभर फोटो. मुखपृष्ठाचा एकही नाही!

"पुस्तक कोणतं?" सरांनी विचारलं.

"निळं होतं, सर."

सरांनी चष्मा काढून पुसला. "लेखक?"

"त्याईचं नाव पांढऱ्या अक्षरात होतं, सर!"

*

याच सबिहाचा शोधनिबंध अडकला. तो छापून आल्याशिवाय तिला प्रबंध देता येणार नव्हता, आणि निबंध पाठवायला दोनच दिवस उरले होते. सगळा निबंध उभा होता 'चिमणवाटा' या एका शब्दावर. ज्वारी कापताना धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची चार कणसं चिमण्यांसाठी सोडतात, तो चिमणवाटा. शब्दकोशात नाही. बीबी गावच्या रुक्मामावशींनी सांगितलेला.

"त्यांना कुणी सांगितला?" सरांनी पेन काढला.

सबिहाचा चेहरा उतरला. मला राहवेना. दुसऱ्या दिवशी मीही तिच्यासोबत एसटीनं बीबीला गेले.

मावशी अंगणात मेथी निवडत होत्या. प्रश्न ऐकून त्यांचा हात थांबला.

"जावेचा शबुद हाय तो," त्या हळूच म्हणाल्या. "कौसल्येचा. थे तिच्या माहेरचं बोलनं."

"मंग त्याईचंच नाव लिहा लागते, मावशी. कुठं राह्यतात?"

मावशींनी मानेनंच मधली भिंत दाखवली. धुऱ्याच्या भांडणापासून अकरा वर्षं या दोघींचं बोलणं बंद होतं.

"मी जाऊन इचारते," सबिहा उठली.

"बस तू."

मावशींनी मेथीची जुडी खाली ठेवली. पदर सारखा केला. भिंतीकडे तोंड करून ओरडल्या, "वं कौसल्ये! या पोरीले तुह्यं पुरं नाव पाह्यजे!"

पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. इतका वेळ गेला, की मला वाटलं, आता निघावं.

मग जाऊबाईंचा आवाज आला, "नाव सांगतो. पन वय बी लिह्य म्हना तिले! तुह्याहून चार वर्सानं लहान आहो मी!"

रुक्मामावशी ताडकन उठल्या.

"चार कायची वं? दोनच!"