दहा ट्रक, दहा मालक

मी लष्कराच्या एएससीत, म्हणजे रसद-वाहतुकीच्या दलात, नायब सुभेदार होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशात युद्धसरावाची एक्सरसाइज लागली, आमच्या गाड्या पुरेनात, म्हणून धुळ्याहून सिव्हिल ट्रक भाड्याने घ्यायचा हुकूम निघाला. मी त्याच जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातला. सीओ साहेब म्हणाले, "तुम्हारा इलाका है, जाओ." आपल्याच इलाक्यात ड्युटी म्हणजे डोक्याला ताप. तिथं लोक आपल्याला चड्डीत असल्यापासून ओळखतात, वर्दीला कोण विचारतो!

बरोबर कॅप्टन थॉमस होते. केरळचे, वय सव्वीस, लग्न व्हायचं होतं, कॉन्व्हॉयची, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याची, पहिलीच कमांड. आग्रा रोडवर एका शेठजींच्या ऑफिसात गेलो. भिंतभर पाटी, 'ट्रान्सपोर्ट कंपनी'. शेठजींचं घराणं मूळ राजस्थानचं, बोलणं साखरेत घोळलेलं.

"कंपनी में कितना गाडी है?" कॅप्टन साहेबांनी विचारलं.

"जितनी आप बोलो, साहब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर दहा ट्रक लागले आणि शेठजींची कंपनी कळली. त्यांचा स्वतःचा ट्रक एकही नव्हता. फोन होता आणि पाटी होती. ट्रक दहा, मालक दहा. एक दोंडाईच्याचा, आदल्या दिवसापर्यंत मिरची वाहिलेला. त्यात तंबू चढवताना जवान शिंकून शिंकून बेजार. एक जळगावकडचा, केळीच्या पाल्यासकट. एक शाळामास्तरांनी बायकोच्या नावावर घेतलेला. आणि प्रत्येक केबिनमध्ये ड्रायव्हर-क्लीनरच्या जोडीला मालक! वळकटी, डबा, पाण्याची कळशी घेऊन मांडी घालून बसलेला.

पहिल्या ट्रकच्या कपाळावर लिहिलं होतं: बापू, सुरेखा, भिकन.

कॅप्टन साहेबांना मराठी वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"साब, ये अटेंडन्स रोल है क्या?" त्यांनी विचारलं. फौजेत ऑफिसरही सुभेदाराला 'साब' म्हणतात.

"मालिक के बच्चे, सर. इधर ऐसा लिखते हैं."

"और ये बुड्ढा लोग? सिर्फ ड्रायव्हर और क्लीनर जाएगा. उतारो सबको."

मी पहिल्या ट्रकपाशी गेलो. मालक आबा, साठीचे, खांद्यावर टॉवेल.

"आबा, उतरा. मिलिटरीचा हुकूम आहे."

"हुकूम तुमना, गाडी मनी. मी उतरत नही."

बाकीच्या नऊ जणांनी तोच पाढा वाचला. मालक उतरला की ड्रायव्हरही उतरणार, हे मला माहीत होतं. कॅम्पवर चारशे जवान, त्यांचं रेशन नि तंबू या ट्रकांत, आणि संध्याकाळपर्यंत पोचायचं. कॅप्टन साहेबांनी दातओठ खाल्ले आणि म्हणाले, "चलो. खाना लेट हुआ तो साब, आप और मैं दोनों गए."

शिरपूर सुटलं. बिजासन घाटात चढणीला आबांच्या ट्रकच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा कडकन तुटला. वायरलेसवर कंट्रोलला कळवलं.

"लोड शिफ्ट करो. गाडी छोडो. आगे बढो. ओव्हर."

हुकूम बरोबर होता. आबांनी चाकाशी फतकल मारली.

"भाऊ, हिले सोडीसन मी घर कसं जाऊ? रातमा लोके टायर बी काढी लेतीन. बठ्ठं घर हिनावर शे." सगळं घर त्या एका ट्रकवर चालत होतं.

पुढच्या-मागच्या नऊ ट्रकांची इंजिनं बंद झाली. मी ओरडलो, शिव्या घातल्या, कोणी ढिम्म हललं नाही. मनात म्हटलं, झालं, गेली आपली पेन्शन! तेवढ्यात एका मालकाने सीटखालून जुना पाटा ओढला. दुसऱ्याने जॅक आणला, तिसऱ्याने घण. चौथ्याने नुसता सल्ला आणला, पण भरपूर.

कॅप्टन साहेब चकित. "ये सामान मालिक के पास क्यों?" त्यांनी विचारलं. मी तेच मालकांना विचारलं.

दोंडाईच्याचे मिरचीवाले म्हणाले, "ड्रायव्हरना हातमा दिधं तर ढाबावर इकी टाकस." ड्रायव्हर शेजारीच उभा होता. त्यानेही, विकतो खरा, म्हणून मान डोलावली.

कॅप्टन साहेबांनी सेट घेतला. "लोड शिफ्ट नहीं होगा. पूरा कॉन्व्हॉय साथ आएगा. आउट." 'ओव्हर' म्हणालेच नाहीत, नाहीतर उत्तर ऐकावं लागलं असतं. मग शर्ट काढला आणि गाडीखाली शिरले. पाटा बसवून बाहेर आले तेव्हा तोंड ग्रीसने काळंठिक्कर. आबांनी खांद्यावरचा टॉवेल काढून पोराचं पुसावं तसं त्यांचं तोंड खसाखसा पुसलं. साहेबांनी तोंड पुढं केलं.

कॅम्पवर पोचलो तेव्हा अंधार पडला होता. जेवणाला उशीर झाला. मिरचीवाल्या ट्रकमधलाच तंबू सीओ साहेबांच्या वाट्याला आला. त्यांनी आत बोलावून कॅप्टन साहेबांना झापायला घेतलं आणि मध्येच एकामागून एक शिंका सुरू झाल्या. झापणं अर्धंच राहिलं. कॅप्टन साहेबांनी माझं नाव घेतलं नाही.

पुढं ते उत्तरेत बर्फातल्या पोस्टवर गेले. गस्तीच्या तुकडीतला एक जवान मागे राहिला, त्याला आणायला परत फिरले. जवान वाचला. साहेब आले नाहीत. मला फार लागलं ते. रजेवर आलो तेव्हा शेठजींना सांगितलं. त्यांनी लगेच फोन उचलून दहाही मालकांकडे निरोप धाडला.

पेन्शनीत निघाल्यावर एकदा शिरपूर स्टँडबाहेर आबांचा ट्रक दिसला. कपाळावर बापू, सुरेखा, भिकन, आणि पुढं ताज्या रंगात 'थॉमस'. आबा खाली उतरले.

"पेंटर इचारे, हाऊ कोन? मी सांगं, मना धाकला पोऱ्या."

फौजेत डोक्यावर टोपी नसताना सॅल्यूट मारत नाहीत. मी भर रस्त्यात सावधान उभा राहिलो. मागून एसटीवाला हॉर्न मारत होता. मारू दे म्हटलं.