पट्टी हाय तवर

लग्न ठरताना माझ्या सासऱ्यांनी एकच अट घातली. मिरजेच्या दवाखान्यातली माझी नर्सची नोकरी चालू राहू दे, सायकलवरनं जायलाही हरकत नाही, पण डांबरी रस्त्यावर सायकल घालायची नाही. आमच्या गावापासून मिरजेपर्यंत रस्त्याच्या कडेला, लिंबाच्या झाडांपलीकडं, सायकलींसाठी मुरमाची वेगळी पट्टी होती. "पट्टी हाय तवर नोकरी," असं त्यांनी बैठकीत चारचौघांसमोर सांगितलं. ते फौजेतनं हवालदार होऊन निवृत्त झालेले. एकदा तोंडातनं शब्द गेला की तो त्यांचा त्यांनासुद्धा मागं घेता यायचा नाही, आणि हा त्या घरातला सगळ्यात मोठा ताप होता.

नवराही फौजेतच, लांब आसामात. त्याला काही विचारलं की पत्रात लिहायचा, "आबा म्हणतील तसं." झालं, मिटलं.

आणीबाणी उठून वर्षभर झालं असेल. सरकारनं रस्ता रुंद करायचा ठरवला. उसाच्या ट्रकांना जागा पुरत नव्हती म्हणे. झाडं जाणार, पट्टी जाणार, तिथंही डांबर पडणार. मी घरी येऊन सांगितलं आणि म्हटलं, "मामंजी, आता तरी अट सोडा."

ते बराच वेळ अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "अट न्हाई सुटायची. पट्टी वाचवू."

सुनेला हो म्हणण्यापेक्षा सरकारशी भांडणं त्यांना सोपं वाटलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण मी भाकऱ्या थापत राहिले.

मोर्चा निघाला. दूधवाले, गिरणीतले कामगार, हायस्कूलच्या पोरी आणि मी, सगळे सायकलीवर. फौजदारानं बजावलं, डांबरी रस्ता अडवायचा नाही, मोर्चा पट्टीवरनंच न्यायचा. पट्टी जेमतेम एका सायकलीची. सासऱ्यांना तेच हवं होतं. त्यांनी सगळ्यांना एकामागं एक उभं केलं आणि दोन सायकलींत बैलगाडीएवढी जागा सोडायला लावली. कुणी जवळ सरकला की ते म्हणायचे, "अंतर." पुढच्याची घोषणा मागच्याला ऐकू जाईना, म्हणून हळूहळू सगळेच गप्प झाले. माझ्या मागचा दूधवाला म्हणाला, "वयनी, ह्यो मोर्चा हाय का मयत?"

रस्त्याचं काम बघणारे साहेब ऑफिसच्या पायरीवर निवेदन घ्यायला उभे होते. पहिल्या सायकलीवर सासरे. साहेबांनी हात पुढं केला. "सगळी येऊ द्यात," सासरे म्हणाले आणि निवेदन काखेत धरून बाजूला उभे राहिले. सायकली एकेक करून येत राहिल्या. साहेबांनी खुर्ची मागवली, मग चहा मागवला, मग जेवून येतो म्हणाले. जेवून आले तरी सायकली येतच होत्या.

"एवढी माणसं रोज जातात इथनं?" साहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब. बाकीची कामावर गेल्यात."

साहेबांनी निवेदन घेतलं, मान हलवली, विचार करतो म्हणाले. उन्हाळ्यात पट्टी उखडली. आता काय बोलायचं?

डांबर पडलं आणि रस्ता ट्रकांना खुला झाला. त्या सकाळी मी सायकल काढलीच नाही. चुलीपाशी बसून रडले. दुःखापेक्षा राग जास्त होता. आता राजीनामा कुणाच्या हाती पाठवावा याचा विचार करत होते, तेवढ्यात अंगणात घंटी वाजली. बाहेर सासरे आपली जुनी सायकल धरून उभे. पायात फौजेतले बूट, धोतराचा सोगा वर खोचलेला.

"आवर. डूटीला उशीर हुतोय."

"पट्टी कुठं राहिली, मामंजी?"

"ट्रकाच्या अंगानं मी चालवतो. तू आतल्या बाजूनं चल." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी हाय तवर पट्टी हाय."

मिरजेपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. मी जरा उजवीकडं सरकले की तेवढं म्हणायचे, "अंतर."