मासं धरनाराच्या हाताची गाट

दाराला टांगलेली लिंबू-मिरची दिसली की मला आधी लिंबाचा भाव आठवतो, इतकी मी कोरडी बाई आहे. कुणी ‘त्या वळणावर पांढरी साडी दिसली’ वगैरे सुरू केलं की मी उठून कुकर लावायला जाते. मी या ग्रुपवर स्वतःचा अनुभव लिहीन असं दोन वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर हसलेच असते. पण लिहितेय... कारण जे झालं त्याचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे, आणि तरी ते मला समजलेलं नाही.

मी तळेगावला राहते. नर्सिंग केलंय. पवनानगरच्या पुढे, धरणाच्या कडेच्या एका गावातल्या आरोग्य उपकेंद्रावर माझी नेमणूक आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, औषधांचं कपाट, आणि मदतीला आशा कार्यकर्ती सुनंदाताई. डॉक्टर बसतात पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. आमच्याकडे काही वेगळं दिसलं की त्यांना फोन करायचा, अशी पद्धत.

नोकरी नवी असताना आम्हाला एक ट्रेनिंग झालं होतं. तिथल्या बाईंनी मोबाइलवर एक फुकटचं अ‍ॅप टाकून दिलं. एखाद्या आजारावर जगभरात काय संशोधन झालंय, ते त्यात शोधता येतं. पेशंट कोण, त्रास काय, उपाय कोणता, एवढं इंग्रजीत थोडक्यात टाकायचं. लेख आणि त्यांचे सारांश समोर येतात. मराठीत टाकलं तर काही येत नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मला ते अ‍ॅप फार आवडलं. बाळाला ताप आला तर, बीपीची गोळी चुकली तर... मी सारखी काहीतरी शोधत असायची. आमचे डॉक्टर चिडवायचे, तू नर्सिंग केलंयस की गुगलिंग?

तर गुरुवार होता. गुरुवारी लसीकरण असतं. सकाळी साडेनऊला मी मोबाइल पर्समध्ये टाकला, पर्स कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात. अकरा बाळं झाली. सव्वाबाराला शेवटची आई गेल्यावर मोबाइल काढला आणि तिने विचारलेलं काहीतरी शोधायला अ‍ॅप उघडलं.

आधी काय काय शोधलं त्याची यादी वर दिसते, वेळेसकट. सगळ्यात वर मराठीत एक ओळ होती —

‘मासं धरनाराच्या हाताची गाट दुकत न्हाई पन जात बी न्हाई’

वेळ अकरा वाजून दहा मिनिटं.

मला आधी हसूच आलं. सुनंदाताईंना विचारलं, हा काय प्रकार? त्यांनी ओळ वाचली आणि म्हणाल्या, मोबाइल कपाटात, किल्ली तुमच्याकडं, वर त्याला तुमचा अंगठा लागतो, मग मी कशी लिहिनार? बरोबरच होतं. अकरा दहाला मी काय करत होते हेही रजिस्टरवरून कळलं. सातव्या बाळाला लस देत होते आणि ते माझ्या एप्रनवर मनसोक्त ओकलं होतं.

पण खरी गंमत पुढे आहे. मी त्या ओळीवर बोट ठेवलं तर लेख आले! इंग्रजीतले, चार-पाच. मासे आणि पाणी यांत सतत हात असणाऱ्या लोकांना काटा वगैरे टोचून एक सावकाश वाढणारा जंतू शिरू शकतो, त्याने हातावर गाठी येतात, नेहमीची औषधं बऱ्याचदा लागू पडत नाहीत, ओळखायला फार उशीर होतो, तुकडा काढून तपासावा लागतो — असं सगळं. मी पहिल्यांदाच वाचत होते. जेवणाचा डबा तसाच राहिला. एक लेख सेव्ह केला, यादीचा स्क्रीनशॉट काढला, आणि खरं सांगते, नंतर विसरूनही गेले.

शनिवारी किसनआबा आले. साठीचे, धरणात जाळं टाकणारे. बायकोच्या बीपीच्या गोळ्या न्यायला यायचे, दोन शब्द बोलून जायचे. त्या दिवशी गोळ्या डाव्या हाताने घेतल्या. उजव्या हाताला फडकं गुंडाळलं होतं. काय झालंय विचारलं तर म्हणाले काय न्हाई. मी म्हटलं, आबा, दाखवा तरी.

फडकं सोडलं. बोटाच्या मुळाशी जांभळट गाठ, आणि मनगटाच्या वर एकामागे एक आणखी दोन. कधीपासून आहे विचारलं. सात-आठ महिने झाले होते. दुकानातलं मलम लावून झालं होतं, कुणीतरी दिलेल्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या.

“दुखतं का?” मी विचारलं.

“मासं धरनाराच्या हाताची गाट म्याडम, टोचल्यालं आसंल कायतरी. दुकत न्हाई पन जात बी न्हाई.”

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. सुनंदाताई कपाटापाशी उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आबा आपले फडकं परत गुंडाळत होते.

मी विचारलं, गुरुवारी इकडे आला होतात का? नाही. बुधवारपासून ते आंबीला लेकीकडे होते, आदल्या रात्रीच परतले होते. आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, एका माणसाकडे जाऊन त्या गाठींवर तापलेल्या लोखंडाचा डाग द्यायचं त्यांनी नक्की केलं होतं. जाळं ओढताना मूठ वळेना, म्हणून.

मग मात्र मी भूतबीत बाजूला ठेवलं. गाठीवर आणि बोटांना स्पर्श कळतोय का ते तपासलं, कारण न दुखणारं काही दिसलं की कुष्ठरोग नाही ना हे आम्ही पाहतोच. स्पर्श नीट कळत होता. डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवले, सेव्ह केलेला लेख पाठवला. ते आधी म्हणाले, झालं तुझं गुगलिंग सुरू. लेख वाचतो म्हणून फोन ठेवला. मग त्यांचाच फोन आला. आवाज बदलला होता. “पुण्याला पाठव. सोमवारीच. चिठ्ठीत मी सांगतो तसं लिही.”

आबा ऐकायला तयार नव्हते. पुणं म्हणजे दिवस मोडणार, तिथे हात कापतील, डाग दिला की मोकळं. अर्धा तास समजावलं. शेवटी सुनंदाताई त्यांच्या बायकोला घरून घेऊन आल्या. मावशींनी हात पाहिला, आबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, सोमवारी मी येते बरोबर. बस्स. माझ्या अर्ध्या तासापेक्षा ते एक वाक्य भारी पडलं.

पुण्याच्या हॉस्पिटलात तुकडा काढला. रिपोर्टला बरेच आठवडे लागले, कारण तो जंतू वाढतोच सावकाश. पण निघाला तोच. अनेक महिने गोळ्या चालल्या. पावसाळ्यात आबा हातमोजे घालून जाळं टाकायचे आणि सगळं गाव त्यांना डॉक्टर म्हणायचं. आज मूठ पक्की वळते. गाठींच्या जागी फिकट डाग राहिलेत.

डॉक्टरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. हे तुला सुचलं कसं, असं विचारलं. मी म्हटलं, अ‍ॅपमध्ये वाचलं होतं. खोटं नव्हतं ते... अर्धं होतं.

नवरा कंपनीत कॉम्प्युटरवर असतो. त्याने स्क्रीनशॉट पाहिला आणि लगेच निकाल दिला की व्हॉइस टायपिंग सुरू राहिलं असणार. मी म्हटलं, कुलूपबंद कपाटात? आणि व्हॉइस टायपिंग ‘गाट’ आणि ‘दुकत’ लिहितं का? शिवाय बोललं कोण? मग तो चहा प्यायला लागला. मी तीच ओळ जशीच्या तशी त्या अ‍ॅपमध्ये पन्नासदा तरी टाकून पाहिली असेल. दरवेळी एकच उत्तर — काही सापडलं नाही.

शेवटी धीर करून आबांना स्क्रीनशॉट दाखवला. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मीच वाचून दाखवला. वाटलं घाबरतील. ते अजिबात दचकले नाहीत. लाजल्यासारखे हसले. मी विचारलं, हे आधी कुणाजवळ बोलला होतात का? घरी बोलले नव्हते, बायको काळजी करील म्हणून. मित्रांजवळ नाही, चेष्टा करतील म्हणून.

“होडीत एकला आसलो की बोलायचो,” ते म्हणाले. “पान्याला. आंबीला जायाच्या आदी लय बोल्लो. दुसरं कोन व्हतं हो ऐकायला?”

एवढं बोलून मावशींच्या गोळ्या पिशवीत टाकून ते गेले, जसं काही रोजचंच बोलणं झालं.

मी अजूनही लिंबू-मिरची मानत नाही. पण याचं उत्तर माझ्याकडे नाही, डॉक्टरांना विचारायची हिंमत नाही, आणि जगभरातलं संशोधन हातात असून यावर कुठेच काही सापडत नाही. कुणाला काही सुचलं तर कमेंटमध्ये जरूर लिहा. फक्त व्हॉइस टायपिंग म्हणू नका, ते घरी ऐकून झालंय.